नसीमाआपाने न सांगितलेली गोष्ट

"आंटी, अम्मी इज नो मोअर," फोनवर शबाना एवढंच म्हणाली. मी "कधी?" विचारलं, तिने सांगितलं, आणि मी फोन ठेवला. तिच्या आईशी, नसीमाआपाशी, मी तीस वर्षांहून जास्त काळ बोलले नव्हते. त्या फोनला आज सहा आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही कतारला, दोह्याच्या मदिनत खलीफा भागात राहायचो. माझे यजमान श्रीधर एका बांधकाम कंपनीत मॅनेजर, आपाचे याकूबभाई तिथेच ड्रायव्हर. आपा रत्नागिरीची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन मी त्या रखरखाटात उतरले तेव्हा मराठी बोलणारी बाई म्हणजे ती एकटीच. माझं बाळंतपण तिनेच काढलं. पुरुष ड्युटीवर गेले की आम्ही व्हिडिओ लावून बसायचो. एकदा दुकानदाराने भलतीच कॅसेट दिली, इटालियन विनोदी सिनेमा, खाली इंग्रजी अक्षरं. मी ती वाचून आपाला मराठीत सांगत होते. पैशासाठी कारखानदाराच्या मुलीशी लग्न केलेला नवरा, त्याने ठेवलेली दुसरी बाई. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्या गावाला ठाऊक, बायकोला तेवढं नाही. ती आपली त्याच्या शर्टांना इस्त्री करून त्याला 'मीटिंग'ला धाडते. मी पोट धरून हसत होते. आपा हसली नाही.

"तिला कुणी सांगत का नाही गो?" तिने विचारलं.

"सांगून काय करणार? सुखात आहे ती. मी तर म्हणेन, सांगूच नये."

आपा उठून चहा टाकायला गेली.

दीड वर्षाने याकूबभाई आजारी पडले. बदली ड्रायव्हर गुरुवारी दारात आला. "मॅडम, साहब को आज अझीझिया छोडना है ना? वापस कब लाना है?" अझीझिया वस्तीत आमचं कुणीच नव्हतं. श्रीधरनी संध्याकाळी फारसे आढेवेढे न घेता कबूल केलं. एक बाई होती. तीन वर्षं, दर गुरुवारी... आणि गाडी चालवणारे याकूबभाई.

मी तशीच आपाकडे गेले, तुला ठाऊक होतं का म्हणून विचारलं. तिने नाकारलं नाही.

"बोलले असते तर ह्यांची नोकरी गेली असती, विसा गेला असता. पोरांना घेऊन कुठे जाणार होते मी?" मग हळूच म्हणाली, "आणि तूच म्हणालीस ना, सांगूच नये."

"तो सिनेमा होता, आपा."

"मला वाटलं, तुला कळलंय. मला सांगतेस, गप्प राहा म्हणून."

वर्षभरात आम्ही पुण्याला परतलो. श्रीधरबरोबर संसार रेटला. त्यांच्याकडून मी बहुधा फार काही मागितलंच नव्हतं. आपाकडून मागितलं होतं. तिची पत्रं आली, मी उघडली नाहीत. या वयात तिची भीती मला समजते. पण मी हसत होते आणि शेजारी बसून ती माझ्याकडे बघत होती, ते काही केल्या सोसत नाही.

परवा घावनं केली. अर्धा कांदा काट्याला टोचून तव्यावर तेल फिरवायचं, ही तिची पद्धत. दुसरी मला येतच नाही. पहिला घास घेऊन श्रीधर म्हणाले, "अगदी नसीमाआपांसारखी झालीत."

"तिचं नाव तुम्ही घेऊ नका."

ते खाली बघून जेवत राहिले. तवा धुरकटला होता... मी कांदा तेलात बुडवला आणि पुढचं घावन घातलं.