तिकीट माझ्याकडे आहे

सगळ्या जीपमध्ये बसल्या. मी शेवटची. पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात अण्णा म्हणाला, "तू कुठं? तुझी सोय भीमनगरला हाय. रिक्षानं जा."

औरंगाबादचा बसस्टँड. दुपार कलत आलेली. वर ठेवलेला पाय मी खाली घेतला. आतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं दाखवत होत्या.

"भीमनगरला कुणाकडं?" मी विचारलं.

"कुणाकडं बी जा की. जय भीम म्हणलं की दार उघडतंय तुमच्यात."

अण्णा हसला. जीपचा ड्रायव्हर हसला. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण त्याच्या आड काय चाललंय ते मला कळत होतं. अंगाची लाही झाली. आणि तरी पहिल्यांदा माझ्या तोंडून काय निघालं? "बरं." चोवीस वर्षांची सवय. जीभ आपोआप वळायची.

बीड जिल्ह्यात, नेकनूरच्या पुढे आमचं गाव. गावात बायकांची दूध संस्था. चेअरमन काकू, पण कारभार त्यांच्या दिराचा, या अण्णाचा. कागदावर सही कुठे करायची ते अण्णा बोटानं दाखवायचा आणि काकू करायच्या. एक बाई आमच्या वस्तीतली घ्यावीच लागते म्हणून मला घेतलं. बारावी झालेली मी एकटीच निघाले, म्हणून सगळं काम माझ्याच गळ्यात पडलं. दोन्ही वेळा दूध मापायचं, फॅट काढायची, रजिस्टर लिहायचं. सचिवाची जागा रिकामी होती. ते काम मी करायची, पण नेमणूक नव्हती, पगार नव्हता.

आमच्या वस्तीचं दूध सगळ्यांत शेवटी घ्यायचं, वेगळ्या कॅनमध्ये. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, तसं चालत आलेलं. आख्ख्या गावाच्या दुधाला माझा हात लागायचा, ते चालायचं. कामाला हात चालतो. माझ्या सासूचं दूध मात्र वेगळ्या कॅनमध्ये जायचं, आणि ते तिथे ओतायची कोण, तर मीच. हे सांगताना आज मला त्यांच्यापेक्षा माझा जास्त राग येतो.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. विहिरींचे तळ दिसत होते. माणसं ऊसतोडीला गेलेली, माझा नवराही टोळीत. म्हशी छावणीत, चारा-पाण्यासाठी. मागं उरलेल्या बायकांची चूल दुधावर पेटत होती. अशात दूध संघाचं पत्र आलं. गुजरातेत आठ दिवसांचं शिबिर, प्रत्येक संस्थेच्या सहा बायका. शिबिराचा दाखला जिच्याकडे असेल तिलाच सचिव नेमायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

पत्र मीच वाचून दाखवलं. मला ती जागा पाहिजे होती. का पाहिजे होती, ते कुणाला समजावून सांगायची गरज मला वाटत नाही. काम माझं होतं, जागा माझी होती.

बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. आमच्यापैकी कुणी आगगाडीत बसलेलं नव्हतं. रेल्वे नसली तरी आरक्षणाची खिडकी होती, आणि तिथे रांगेत मी उभी राहिले. फॉर्मवर सहा नावं बसतात. मी वरपासून लिहीत गेले. काकू, गंगूमावशी, मग बाकीच्या तिघी. माझं नाव सहावं, सगळ्यांत खाली. तसं लिही म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं. सहाजणींचं मिळून एकच तिकीट निघालं. ते मी नेऊन अण्णाच्या हातात दिलं आणि त्यानं ते खिशात घातलं.

गाडी सकाळी सहाची. म्हणजे आदल्या दिवशीच औरंगाबाद गाठायचं. कुठं उतरायचं यावर संस्थेत बसून चर्चा झाली. स्टेशनजवळ काकूंच्या भावाचं घर होतं, चालत दहा मिनिटं. सगळ्या तिथे जाणार असं ठरलं. 'सगळ्या' म्हणताना अण्णानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी समजून चालले की मीही त्यात आहे. माणूस इतका खुळा असतो.

एसटीत चढताना काकूंची जाऊ शालन दिसली. ती अण्णाची बायको. "आमाला सोडायला येतीय," काकू म्हणाल्या. शालनच्या मांडीवर बॅग होती, चांगली भरलेली. सोडायला येणाऱ्या बाईला एवढी बॅग कशाला, असं मनात आलं. पण मी तो विचार झटकला, कारण प्रवासाचा आनंद होता. गेवराई मागं पडली. गोदावरीच्या पुलावरून खाली पाहिलं तर नुसती वाळू. तरी मी खुशीत होते.

आणि आता हा स्टँड, आणि काकूंच्या भावानं पाठवलेली ही जीप. मी "बरं" म्हणाले होते. पिशवी खांद्याला लावली. मग एकदम आठवलं.

"आन् तिकीट?"

"ते ऱ्हाऊ दे माज्यापाशी," अण्णा म्हणाला. "तू सकाळी ये स्टेशनवर."

"भीमनगर पार त्या टोकाला हाय म्हणत्यात. पहाटं रिक्षा न्हाई मिळाली तर?"

"न्हाई मिळाली तर आमी काय करनार?"

आत शालननं बॅग मांडीवर नीट ओढून घेतली. इतकंच. पण मला सगळं दिसलं. टीसी नाव विचारतो, तोंड ओळखत नाही. मी सकाळी पोचले नाही तर माझ्या नावावर शालन जाईल. आठ दिवसांनी स्वतःच्या नावाचा दाखला घेऊन येईल. आणि गावात काय सांगतील? बिचारीची गाडी चुकली.

तो ठरवलेला डाव होता की नुसती सवय, मला अजून सांगता येत नाही. कदाचित शालन खरंच नुसती सोडायला आली असेल. कदाचित मला लांब पाठवताना कुणाच्या मनात काहीच नसेल. तसं असेल तर ते जास्त वाईट. डाव करायला निदान समोरच्या माणसाचा विचार करावा लागतो.

मी जीपच्या पुढं गेले आणि खाली बसले. डांबर तापलेलं होतं. पिशवी शेजारी ठेवली.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी हलले नाही. पुन्हा दिला. हमाल थांबले, केळीवाला हातगाडी सोडून आला, दोन रिक्षावाले आले. एकानं विचारलं, "क्या हुआ बाजी?"

अण्णा उतरून पुढं आला. "ऊठ. तमाशा करू नको."

मी म्हणाले, "मला जीपमधी कावून घेत न्हाई ते सांगा. हितं, समद्यांसमोर सांगा."

"जागा न्हाई."

"शालनताईला जागा हाय. तिचं नाव बी न्हाई यादीत. माझं हाय. मला जागा कावून न्हाई?"

त्यानं जमलेल्या लोकांकडे पाहिलं. गावात असता तर एका दमात बोलला असता. गावात ते सांगायचीच गरज पडत नाही. इथं पंचवीस-तीस अनोळखी माणसं कान टवकारून उभी होती आणि त्याच्या तोंडातून ते कारण बाहेर पडेना. मी पहिल्यांदा पाहिलं की या माणसालाही लाज वाटते. केल्याची नाही, बोलण्याची.

गंगूमावशी जीपमधून वाकून म्हणाली, "पोरी, ऊठ गं. लोकं बघायलीत."

"बघू द्या मावशी. लोकांनी बघावं म्हनूनच बसले."

अण्णा खाली वाकला, आवाज बारीक केला. "केस करतीस का आता माज्यावर?"

"न्हाई. तिकीट द्या."

"चल मग. बस जीपमधी. मागं बस."

"मला तुमच्या पाव्हण्यांकडं यायचं न्हाई. तिकीट द्या."

"आन् तू सकाळी आलीच न्हाईस तर? पाचजणींची गाडी चुकंल."

"आत्ता माझी चुकणार हुती, तवा तुमाला हे सुचलं न्हाई."

केळीवाला हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "दे दो भाई, बाई का नाम है ना उसमें?" अण्णानं खिशातून तिकीट काढलं. माझा हात पुढं होता. त्यानं हाताकडे पाहिलं आणि तिकीट जीपच्या बॉनेटवर ठेवलं.

मी ते उचललं नाही. हात तसाच ठेवला.

"हातात द्या."

आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. वारा आला असता तर तिकीट उडून गेलं असतं, आणि सचिवपद, पगार, सगळं त्याच्याबरोबर. तरी मी ते उचलणार नव्हते. बॉनेटवरून उचललं असतं तर जन्मभर उचलत राहिले असते, हे मला तेव्हा त्या डांबरावर लख्ख कळलं.

अण्णानं तिकीट उचललं. माझ्या हातात दिलं. त्याची बोटं माझ्या तळव्याला लागली. कुणाला काही झालं नाही.

मी उठले. जीपच्या खिडकीशी जाऊन पाचजणींना म्हणाले, "सकाळी साडेपाचला स्टेशनवर या. येळंवर या. तिकीट माझ्याकडं हाय."

जीप गेली. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं सोडू. स्टेशनवर बसून राहता आलं असतं. पण मला आठवलं की भीमनगरचं नाव ऐकल्यावर मला शरम वाटली होती. जीपमधल्या पाचजणींसारखं स्टेशनजवळ, चांगल्या घरात उतरायला मिळावं म्हणून जीव तुटला होता. ही शरम मला कुणी दिली होती? माझ्या माणसांनी तर नाही.

"भीमनगर," मी म्हणाले.

तिथल्या विहारात झाडू मारणाऱ्या बाईला मी सरळ सांगितलं, सकाळी सहाची गाडी आहे, रात्रीपुरती जागा पाहिजे. तिनं विचारलं, "उठवायचं किती वाजता?" गल्लीतल्या रिक्षावाल्याला तिनं तेव्हाच सांगून ठेवलं.

सव्वापाचला मी फलाटावर होते. साडेपाचला त्या आल्या, सगळ्या धापा टाकत. त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती, ते डोळ्यांवरून दिसत होतं. मला वाईट वाटलं नाही. शालनच्या हातात बॅग होतीच.

"आण ते इकडं," अण्णा म्हणाला.

"माझ्यापाशी ऱ्हाईल. परत येईपर्यंत."

गाडी आली. मी नावं वाचली आणि एकेकीला तिची जागा दाखवली. शालन फलाटावर राहिली. तिच्याशी माझं काही वैर नव्हतं, पण ते नाव तिचं नव्हतं. गाडी हलल्यावर काकू म्हणाल्या, "झालं गेलं इसरून जा बाई. आपण एका गावच्या."

"न्हाई इसरनार काकू," मी म्हणाले. आणि मी विसरलेले नाही. दाखला माझ्या नावानं मिळाला, सचिव मीच झाले. परतल्यावर पहिल्याच दिवशी ते वेगळं कॅन मी बंद केलं. आठ दिवस अर्ध्या गावानं दूध घातलं नाही. मी रोज वेळेवर काटा लावून बसायची. नवव्या दिवशी आले सगळे. दुष्काळात दूध घरात ठेवून किती दिवस भागणार?

आता संस्थेच्या कामाला मला किती शहरांत जावं लागतं. मुक्कामाचं ठरवताना कुणीतरी फार गोड आवाजात विचारतंच, "ताई, तिकडं तुमचं कोण आहे?" हा प्रश्न कशासाठी असतो ते मला माहीत आहे. मी सांगते, कुणी नाही. मी भीमनगरला उतरते किंवा स्टेशनसमोरच्या लॉजवर, माझ्या मर्जीनं. जिथं नाही म्हणतात तिथं पिशवी खाली ठेवते, शेजारी बसते आणि म्हणते, का नाही ते सांगा, मोठ्यानं सांगा, चारजणांत सांगा. अजून एकानंही ते मोठ्यानं सांगितलेलं नाही. कुणीतरी सांगेल एक दिवस. त्या दिवशी मी तिथून उठणार नाही.