लहान लीगसाठी एक खुर्ची

त्या रविवारी सकाळी मी खरोखरच देव पाण्यात घातले. एरवी हे आपण नुसतं बोलायचं म्हणून बोलतो. मी मात्र देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलला आणि स्टीलच्या पातेल्यात बुडवून ठेवला. नवरा कॉफीचा मग हातात धरून बघत होता.

"त्याला अमेरिकन फुटबॉल कळतो का?"

"टीम निवडणाऱ्या कमिटीला तरी कुठे कळतो?" मी म्हटलं आणि गाडीची किल्ली घेतली.

लेकीचं कॉलेज आमच्या नेपरव्हिलच्या घरापासून दोन तासांवर. ती शेवटच्या वर्षाला होती आणि पहिल्या वर्षापासून कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम वाजवत होती. आमच्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकात ताशा शिकली, तोच हात इथे कामी आला. त्यांची टीम त्या सीझनमध्ये एकही मॅच हरली नव्हती. शुक्रवारी आपल्या लहान लीगची फायनलही जिंकली होती. आता देशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी निवडलेल्या बारा टीम कमिटी त्या रविवारी जाहीर करणार होती. निवड झाली की टीमबरोबर बँडही जाणार. नाही झाली तर टीमला कुठलीतरी दुय्यम मॅच मिळणार, आणि तिथे बँडला न्यायचं कॉलेजच्या आवाक्यात नव्हतं. म्हणजे लेकीचं वाजवणं संपलं.

मला आधी यात काळजीचं काही दिसलंच नव्हतं. मी मेरिट लिस्टवर वाढलेली बाई. आमच्याकडे भिंतीवर यादी लागायची, अर्ध्या मार्काने नंबर हुकायचा, घरात सुतकी कळा यायची. पण का हुकला ते कळायचं. सगळ्या मॅच जिंकल्या म्हणजे पहिला नंबर, इतकं साधं गणित मी धरून चालले होते. मग नवऱ्याने समजावलं की इथे माणसं एका खोलीत बसतात आणि कोण चांगलं 'वाटतं' ते ठरवतात. मोठ्या लीगमधल्या टीम दोन-दोन मॅच हरूनही आत जातात. लहान लीगवाल्या सगळ्यांना मिळून बहुधा एकच खुर्ची. त्यांनी ती आपापसात ओढायची.

"पण आपण तर हरलोच नाही!"

"हो, पण मोठ्या टीमशी खेळलो कुठे?"

खेळणार कसं? मोठे यांच्याशी खेळायला तयारच होत नाहीत. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. मी इतकी चिडले की पोळी करपली.

त्यात शुक्रवारची ती मॅच. आम्ही दोघं थंडीत कुडकुडत वरच्या रांगेत बसलो होतो. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा आपली टीम भरपूर पुढे होती. कोचने मोठ्या मुलांना बसवलं आणि वर्षभर बाकावर बसलेल्या पोरांना मैदानात सोडलं. समोरच्यांनी भराभर पॉइंट केले, तरी आपण जिंकलोच. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. पडलेल्याला तुडवायचं नाही, धाकट्यांना संधी द्यायची, याला म्हणतात संस्कार, असंही नवऱ्याला ऐकवलं. शनिवारी टीव्हीवरचे पंडित म्हणाले, शेवटी ही टीम ढेपाळली, हिच्यात दम नाही. त्याच दिवशी दुसऱ्या एका लहान लीगच्या विजेत्यांनी समोरच्यांचा अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत चुराडा केला. त्यांचं केवढं कौतुक!

कॉलेजच्या जिममध्ये मोठा पडदा लावला होता. टीम पुढच्या खुर्च्यांवर, मागे बँड, बाजूला आईबाप. नाव आलं की लगेच वाजवायचं म्हणून लेक गळ्यात ड्रम अडकवून उभी होती. मी तिच्याकडे बघून हात केला. तिचं लक्ष पडद्यावर.

एकेक नाव येत गेलं. दोन मॅच हरलेली एक टीम आत गेली. तशीच आणखी एक. प्रत्येक नावाला मी नवऱ्याचं मनगट आवळत होते आणि मनात त्या दुसऱ्या लहान टीमचं वाईट चिंतत होते. त्यांच्याही जिममध्ये अशीच कुणाची तरी पोर उभी असेल, हे कळत होतं. तरी चिंतत होते. लहानांना लहानांचंच वाईट चिंतायला लावतात, आणि हे ज्यांनी केलं ते मजेत! मग त्या दुसऱ्या लहान टीमचं नाव आलं. एक मॅच हरली होती ती टीम, पण खुर्ची त्यांची.

कोच उठला आणि एकेका मुलाच्या खांद्यावर हात ठेवत फिरला. बँडवाल्यांनी वाद्यं पेट्यांत भरायला घेतली.

लेक आमच्याबरोबर घरी यायला निघाली. गाडीत मी तोंड सोडलं. कमिटी, मोठ्या लीग, टीव्हीचा पैसा, सगळ्यांचा उद्धार केला. ती खिडकीबाहेर बघत होती.

"आई, इट्स ओके. स्टॉप."

हायवेला लागल्यावर तीच बोलली.

"फ्रायडेला कोचने ज्युनियर्सना आत पाठवलं ना, तेव्हा मीपण माझा ड्रम दिला. पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, वर्षभर नुसत्या झांजा वाजवते. आपल्या पथकात मिरवणुकीच्या शेवटी नव्या मुलांना देतात ना, तसं. मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या."

नवऱ्याने आरशातून तिच्याकडे बघितलं.

"आय थॉट देअर वॉज वन मोअर गेम," ती म्हणाली. "आई, मी द्यायला नको होता का गं?"

"दिलास ते बरोबर केलंस," मी लगेच म्हणाले, आयांनी म्हणावं तसं. पण आतून मला ओरडावंसं वाटत होतं, की नको होता द्यायला, अगं, शेवटपर्यंत सोडायचा नव्हता.