रस्त्याखालची खोली

परभणी स्टेशनवर अमृतसरच्या गाडीत बूड टेकायच्या आत मावशीनं सगळ्या डब्याला सांगून टाकलं, "लेकाला आणायला चालले मी शिमल्याला." मी डोळे वटारले, पण काय उपयोग! मावशी राणीसावरगावची, तिच्या पोटात काही राहत नाही. बाळू तिचा एकुलता एक. यात्रा कंपनीच्या आचाऱ्यासोबत पोळ्या लाटायला म्हणून गेला आणि तिकडच्याच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात राहिला. पावसाळ्यात टीव्हीवर तिथले डोंगर घसरताना दिसले आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद. हॉटेलातही कुणी फोन उचलेना. आमच्या घराण्यात बरं हिंदी बोलणारी मी एकटी, सोनपेठच्या शाळेतली बाई. मग काय, माझीच वर्णी लागली.

अंबाल्याला उतरलो आणि पुढं बसनं घाट चढलो. मावशीनं ओकून ओकून जीव अर्धा केला, पण "परत जाऊ" असं एकदाही म्हणाली नाही.

एका वळणावर शहर दिसलं आणि मला धस्स झालं. आपल्याकडं गाव म्हणजे वेस, पार, मग गल्ल्या. इथं अख्खा डोंगर घरांनी बुजलेला. वर इंग्रजांच्या काळातल्या दगडी इमारती, त्यांची उतरती छपरं आणि लाकडी सज्जे. त्यांच्याखाली सिमेंटच्या बारीक खांबांवर उभी पाच-सहा मजली घरं, एकाच्या छपराशी दुसऱ्याची पायरी. काही छपरांवर चक्क गाड्या लावलेल्या.

"माळवदावर (घराच्या सपाट छतावर) मोटारी लावायलेत, कमे!" मावशी म्हणाली. "ही घरं कशाला धरून उभी हायत गं?"

मला काय ठाऊक!

हॉटेलला कुलूप होतं. आमच्याकडं उरला बाळूनं मला पाठवलेला एक फोटो. हिरवं पत्र्याचं छप्पर, निळा कठडा, रस्त्यालगत दार आणि दारापुढं दात काढून उभा बाळू. मागं 'संजौली' अशी अर्धवट पाटी. म्हणून संजौलीची बस धरायची ठरवली. स्टँडवर गर्दी बघून मी सवयीप्रमाणं खिडकीतून आत रुमाल टाकला. कंडक्टरनं तो उचलून बाहेर माझ्या हातात आणून दिला, "मॅडम, आपका गिर गया." आणि त्या जागेवर एक गृहस्थ ऐसपैस बसले. आली का पंचाईत! आपला रुमालाचा कायदा तिकडं चालत नाही. दोघी उभ्यानंच गेलो.

बस अशी घासून जायची की हात बाहेर काढला तर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांना लागेल. एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला नुसती छपरं आणि त्याखाली खोल दरी. मधेच डंगा (उतार धरून ठेवणारी दगडी भिंत) ढासळलेला, त्यावर निळी ताडपत्री. अशी ताडपत्री आली की मावशी तोंड फिरवायची. हिरवं छप्पर दिसलं की आम्ही उतरायचो, मोबाइलमधल्या फोटोशी ताडून बघायचो, पुन्हा मागची बस. हिरव्या छपरांना तिथं काही तोटा नाही. दुपारी एका टपरीवर सिड्डू (आत सारण भरलेला, वाफवलेला कणकेचा गोळा) खाल्ला. मावशीनं अर्धा पदरात बांधला. "बाळूला," म्हणाली.

आणि पुढच्याच फेरीत ते घर दिसलं. तोच निळा कठडा, तेच दार, भिंतीला साधी चीरसुद्धा नाही.

"उभं हाय! कमे, घर उभं हाय!"

मावशी रस्ता न बघताच पलीकडं धावली. कमरेची पिशवी सोडली आणि दारावर मूठभर भंडारा उधळला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" मीही ओरडले, का नाही ओरडणार? आमच्या घराला खाली काही असतं का? घर उभं तर माणूस उभा, एवढंच आम्हाला माहीत.

दार उघडून एक बाई बाहेर आली. पिवळा उंबरा बघतच राहिली. मी फोटो दाखवला.

"बाळू? वो यहाँ नहीं रहता था," ती हळू म्हणाली. "यह तो सबसे ऊपर की मंज़िल है. लड़के नीचे रहते थे."

तेव्हा मला कळलं. इथं रस्त्यावरून आत शिरायचं ते वरच्या मजल्यावर, आणि बाकीचं घर खाली उतरत जातं. घराच्या कडेनं जिना होता. मावशी माझ्या आधी उतरली. शेवटच्या मजल्यावर खोली नव्हतीच. मागचा डंगा आत शिरला होता. खांब, चिखल, दगड आणि वर निळी ताडपत्री. मावशी तिथंच पायरीवर बसली. रडली नाही, भंडाऱ्याचा हात पदराला पुसत राहिली.

त्या बाईनं शेजारच्या ढाब्यावरून एका माणसाला बोलावून आणलं. दिलबहादूर, नेपाळचा, वयानं चाळिशीच्या पुढचा, बाळूसोबत त्याच हॉटेलात रांधणारा. आम्ही कोण ते कळल्यावर त्यानं लोकरी टोपी काढली. डोक्यावर नुकते उगवलेले खुंटासारखे केस होते. मावशी त्या डोक्याकडं बघत राहिली.

"इचार त्याला," ती मला म्हणाली. "अग्नी कुणी दिला?"

मी विचारलं.

"मैंने, माँजी. फोन उसका मिट्टी में गया, गाँव का पता किसी को नहीं था. उसका कोई आया नहीं." तो खाली बघत म्हणाला, "हमारे यहाँ सूतक में नमक नहीं खाते. मैंने भी नहीं खाया."

रोज शंभर माणसांच्या भाजीत मीठ घालणारा माणूस तो! मावशीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली आणि मग जो हंबरडा फोडला, तो वरच्या रस्त्यावर बस थांबवून लोक ऐकत होते. नंतर तिनं पदराची गाठ सोडली आणि तो अर्धा सिड्डू त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो तिथंच उभ्यानं खाल्ला.

प्रवासातून काय शिकलो ते शेवटी लिहायची पद्धत आहे. मी काय डोंबल शिकले! एवढं सुंदर शहर, आणि मला ते डोळ्यांपुढं नकोसं झालंय.

गंगाखेडहून एसटीनं राणीसावरगावला पोचलो तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. बायांनी गळा काढला. जरा शांत झाल्यावर भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, "वैनी, पोराला अग्नी कुणी दिला?"

"त्याच्या भावानं," मावशी म्हणाली.

बाळूला भाऊ नव्हता हे ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि पुढं कुणी काही विचारलं नाही.