झालंय सर आणि विषयबाई

तिला सगळे विषयबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ठाऊक होतं, कारण सासूबाई तोंडावरच म्हणत. बाई कॉलेजात इतिहास शिकवायची, तेही हंगामी. कॉलेजने स्वच्छ सांगितलं होतं, या सत्राअखेर पीएचडीचा विषय मंजूर झाला तर नोकरी, नाहीतर नमस्कार. आणि विषय काही ठरत नव्हता. "आमच्या भाचीचं लग्न ठरलं, मोडलं, दुसऱ्याशी ठरलं, मूलही झालं," सासूबाई म्हणत, "आणि हिचा आपला अजून विषयच!"

यात तिचा काही दोष नव्हता हो. दोष होता मार्गदर्शकांचा. त्यांना पोरं 'झालंय सर' म्हणत. कुठलाही विषय न्या, सर चष्मा कपाळावर चढवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "झालंय." दवाखान्याच्या बाकावर बसून माणसं काय बोलत आली? झालंय. भाडेकरू आणि घरमालकांची भांडणं? "झालंय, आणि चांगलं झालंय." घर बदलताना बायका कुठल्या वस्तू मागे सोडून येतात, हा तर तिच्या जिवाभावाचा विषय. सरांनी डोळे मिटायचीसुद्धा तसदी घेतली नाही. "अहो बाई, हे तर कधीच झालंय!"

आता एवढ्या मोठ्या विद्वानाला कोण विचारणार, की कुणी केलंय बुवा? विभागाची रीतच होती ती. सर झालंय म्हणाले की माणूस मान खाली घालून बाहेर पडायचा. पुन्हा नवा विषय घेऊन यायचा, नाहीतर यायचाच नाही.

त्या दिवशी मात्र बाईचं डोकं सणकलं. माझा विषय आधीच ढापणारा हा कोण टिकोजीराव, बघू तरी! त्याचा प्रबंध वाचून सालटीच काढते त्याची, असं ठरवून ती तावातावाने ग्रंथालयात गेली. प्रबंध नव्हता. दुसऱ्या विद्यापीठांत विचारलं, तिथेही नव्हता. मग भाडेकरू शोधले, दवाखाना शोधला. कशाचाच पत्ता नाही. कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला ग्रंथपाल जांभई देत म्हणाला, "असलं कुणी काही केलेलं नाही हो."

आधी तिला हसू फुटलं, मग संताप आला, आणि मग आठवली ती मान खाली घालून गेलेली माणसं. तिने एकेकाला गाठायला सुरुवात केली. एक जण आता विमा विकत होता. बाईने त्याचा जुना विषय विचारला, तर गडी तासभर बोलत राहिला, आणि पॉलिसीचं नावसुद्धा काढलं नाही त्याने.

सत्र संपत आलं तेव्हा ती सरांच्या घरी गेली. सरही त्याच वेळी निवृत्त होणार होते, म्हणजे सही मिळाली तर आजच. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, चहा आणून ठेवला आणि त्या तिथेच टेकल्या.

"बोला बाई. काय नवीन?"

"सर, आपल्या विभागात जे विषय झालंय म्हणून परत पाठवले आणि जे कुणी कधी केलेच नाहीत, ते विषय. आणि ती माणसं."

चष्मा कपाळावर चढला. डोळे मिटले. तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

"मला चव्हाट्यावर आणताय?" सर शेवटी म्हणाले. "मी सही करणार नाही."

"कितीजण सापडले गं?" काकूंनी विचारलं.

"बरेच आहेत काकू."

"त्यात आणखी एक धर. मी यांची पहिली विद्यार्थिनी. माझ्याही विषयाला हे झालंय म्हणाले होते. मला वाटलं, काय हा ज्ञानी माणूस! लग्नच करून टाकलं."

बाईला हसावं की रडावं कळेना. सरांचा चेहरा पार उतरला होता.

"अगं, मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं," ते पुटपुटले. "आणि ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटायची. पहिल्यांदा सुटलं तोंडातून, मग सवयच लागली." मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "काय होता गं तुझा विषय?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं ताटाला ताट लावून बसलेला माणूस, आणि त्याला आठवतही नव्हतं.

"ते मी हिला सांगेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही सही करा."

सरांनी सही केली. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "ये गं आत. दार लोटून घे."