कस्तुरा सिस्टरांचा जुना ब्लॉक

चिंचवड स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या बायकांना कस्तुरा ओव्हाळ हे नाव फारसं माहीत नव्हतं. त्यांना सिस्टर माहीत होत्या. पांढरं पातळ, काळी छत्री, हातात पत्र्याची पेटी आणि चालण्याचा वेग असा, की बोलवायला आलेल्या सासूलाच मागून पळत यावं लागे. १९६५ साली ती सरकारी दवाखान्यात लागली, पुढे नगरपालिका झाली तेव्हा तिकडे गेली, आणि सोळा वर्षांत तिनं हजारावर बाळंतपणं केली. त्यातली निम्मी लोकांच्या घरात. पत्र्याच्या खोल्या, कंपन्यांच्या चाळी, साहेबांचे बंगले, भोसरीतल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. एवढी घरं आतून पाहिलेली बाई त्या भागात दुसरी नसेल.

ती स्वतः मात्र दापोडीत, रेल्वेच्या रुळांलगतच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहायची. नवरा ज्योतीराम भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. मुलगी करुणा नववीत. १९८० च्या दिवाळीत घरमालकानं सांगितलं की खोल्या पाडून तिथं चार मजली इमारत उठवायची आहे, उन्हाळ्यापर्यंत जागा बघा. त्या वर्षी सगळीकडे हेच चाललं होतं. काल जिथं ज्वारी उभी होती तिथं आज चुन्याच्या रेघा, आणि पुढच्या महिन्यात बिल्डरची पाटी.

ज्योतीरामला या बातमीचं वाईट वाटण्याऐवजी उलट हुरूप आला. दोघांचे पगार होते, पतपेढीचं कर्ज मिळणार होतं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे मोझॅकची फरशी, फ्लशचा संडास आणि बाल्कनीत कुंड्या असा नवाकोरा ब्लॉक उभा राहिला होता. दर रविवारी तो जुनी लँब्रेटा पुसून काढायचा आणि बायकोला मागं बसवून नव्या इमारती बघायला न्यायचा.

पहिल्याच इमारतीत त्याला घाम फुटला. बिल्डरचा माणूस खोल्यांची मापं सांगत होता आणि कस्तुरानं चपला दाराशी काढल्या, पदर सावरला आणि हॉलच्या मधोमध फरशीवर सरळ उताणी झोपली. बिल्डरच्या माणसाला वाटलं बाईंना चक्कर आली. तो पाणी आणायला धावला.

"अगं, उठ ना. लोक बघतायत," ज्योतीराम खालच्या आवाजात म्हणाला.

"दोन मिनिटं थांबा," ती छताकडे बघत म्हणाली.

दोन मिनिटांनी उठून तिनं पदर झटकला आणि घर नको म्हणून सांगितलं. पडलेल्या माणसाच्या नेमकं डोळ्यांवर ऊन येत होतं आणि वारा होता तो सगळा डोक्यावरून जात होता. पुढच्या रविवारी दुसऱ्या इमारतीत तसंच. तिथं वरच्या मजल्यावरच्या संडासाचा पाइप उशाशीच भिंतीतून खाली गेला होता आणि कुणी साखळी ओढली की सगळं कानात ऐकू येई. तिसऱ्या ठिकाणी इमारतच नव्हती, नुसत्या रेघा मारलेल्या होत्या. तिथं कस्तुरा खाली बसायला लागली तेव्हा ज्योतीरामनं तिचा दंडच धरला.

परत येताना वाटेत एका गाड्यावर उसाचा रस प्यायला थांबले तेव्हा त्यानं विचारलं की हा काय प्रकार आहे.

"उभं राहून बघितलं की सगळी घरं बरी दिसतात," ती म्हणाली. "पण माणूस आजारी पडतो, बाई बाळंत होते, म्हातारपण येतं, तेव्हा पडूनच राहावं लागतं. मी सोळा वर्षं पडलेल्या माणसांच्या उशाशी बसलेय. घर कसं आहे ते त्यांना कळतं, बघायला आलेल्यांना नाही."

ज्योतीरामनं मान हलवत रसाचे पैसे दिले. पण मोझॅकची फरशी काही त्याच्या डोक्यातून गेली नाही.

संक्रांतीनंतर एक दिवस यशोदाबाई दवाखान्यात रक्तदाब तपासायला आल्या. स्टेशनपासून दहा मिनिटांवर 'सहकार निवास' नावाची काळ्या दगडाची दुमजली इमारत होती. १९५१ साली बारा नोकरदारांनी सोसायटी काढून बांधलेली. तिच्या वरच्या मजल्यावर यशोदाबाई आणि त्यांचे यजमान लक्ष्मणराव राहत. कस्तुरा दंडावरचा पट्टा सोडवत असताना यशोदाबाई सहज बोलून गेल्या की मुलानं कोथरूडला घर घेतलंय, आता गुडघ्यांना जिना सोसत नाही, हा ब्लॉक विकून तिकडेच जायचं.

कस्तुराचा हात पट्ट्यावरच थांबला. "मधली खोली अजून तशीच आहे?" तिनं विचारलं.

बहात्तर सालच्या एप्रिलमध्ये यशोदाबाईंची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. कळा लवकर सुरू झाल्या, गाडी मिळेना, आणि भर दुपारी कस्तुराला तिथं पळत जावं लागलं होतं. बाहेर डांबर पाघळत होतं आणि त्या मधल्या खोलीत मात्र अंगावर चादर घ्यावी असा गारवा. भिंती दीड-दीड फुटाच्या. छताशी झरोके होते, त्यातून गरम हवा वर निघून जाई. चार तास ती तिथं बसली होती आणि एकदाही पंखा लावावा लागला नव्हता. पुढं किती तरी उन्हाळ्यात तिला त्या खोलीची आठवण झाली होती.

पुढच्या रविवारी ती ज्योतीरामला तिथं घेऊन गेली. तो जिन्यातच हिरमुसला. आत शहाबादी फरशी, लाकडी पट्ट्यांतून फिरवलेल्या वायरी, मोरीतला ठिबकणारा नळ. खिडक्यांच्या बिजागऱ्या झिजून झडपा लोंबत होत्या. यशोदाबाई चहा टाकायला आत गेल्या तसा तो म्हणाला, "तीस वर्षांचं घर आहे हे. मशीन असती तर आमच्या मालकानं भंगारात काढली असती."

"तुमची लेथ किती वर्षांची?"

ज्योतीरामची लेथ विलायतेची, लढाईच्या आधीची होती. नव्या मशिनीला तिची सर नाही असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू द्यायचा नाही.

"जरा पडून बघा," कस्तुरा म्हणाली.

तो लाजत लाजत मधल्या खोलीत सतरंजीवर आडवा झाला. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक कवडसा समोरच्या भिंतीवर पडला होता, डोळ्यांना कुठं टोचत नव्हता. पाठीला फरशी गार लागत होती. खिडकीतून येणारी झुळूक अंगावरून जात होती. चहा घेऊन यशोदाबाई आल्या तेव्हा ज्योतीराम घोरत होता. आठवडाभर दुसऱ्या शिफ्टला ओव्हरटाइम केलेला माणूस, त्यांनी त्याला उठवलं नाही. तासाभरानं जागा झाला तेव्हा लक्ष्मणराव शेजारी पेपर वाचत बसले होते. त्यांनी चहा पुन्हा गरम करायला सांगितला. परत जाताना लँब्रेटा सुरू करायच्या आधी ज्योतीराम एवढंच म्हणाला की बिजागऱ्या काय, बदलता येतील.

व्यवहार ठरला, पण सोसायटीची ना हरकत हवी होती, आणि ती काही मिळेना. सेक्रेटरी उद्धवराव पंधरा वर्षं त्या खुर्चीवर होते. आधी म्हणाले कमिटी भरायची आहे, मग म्हणाले दोघं गावाला गेलेत, मग म्हणाले आणखी एक गिऱ्हाईक विचारून गेलंय. कस्तुराला काय ते कळत होतं. याच इमारतीत एका घरी तिला पाणी देताना तांब्या उंच धरून ओंजळीत ओतलं होतं, आणि त्याच घरातलं मूल तिच्या हातात पहिल्यांदा रडलं होतं. तिनं ते कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण विसरलीही नव्हती.

शेवटी मार्चमध्ये एका रविवारी सकाळी कमिटीनं तिला आणि ज्योतीरामला बोलावलं. तळमजल्यावर उद्धवरावांच्या हॉलमध्ये पाच जण बसले होते. लक्ष्मणराव आणि यशोदाबाई बाजूच्या बाकावर. स्वयंपाकघराच्या दारात इमारतीतल्या तीन-चार बायका उभ्या, त्यांत यशोदाबाईंच्या समोरच्या ब्लॉकमधल्या मंजुळाबाई पुढं. त्यांची तिन्ही मुलं कस्तुराच्या हातची.

उद्धवरावांनी घरात माणसं किती, भाडेकरू ठेवणार का, असं विचारून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले की तुमच्याकडे पाहुणेरावळे, सभा वगैरे, असं फार काही असतं का.

"चौदा एप्रिलला माणसं येतील," कस्तुरा म्हणाली. "गोडधोड होईल. तुम्हालाही बोलावीन."

मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. उद्धवराव पुन्हा चष्मा पुसायला लागले. वातावरण जरा सैल व्हावं म्हणून कमिटीतले मारुतराव मध्ये बोलले. माणूस चांगला होता. म्हणाले, इमारतीत नर्स असली तर सगळ्यांचीच सोय होईल. इंजेक्शन म्हणा, पट्टी म्हणा, अडीनडीला घरच्या घरी काम होईल.

सगळ्यांनी माना हलवल्या. हो म्हणून टाकायला हीच वेळ होती, आणि ज्योतीरामनं तसं तिच्याकडे पाहिलंही. पण कस्तुराला ते पटेना.

"मारुतराव, जिवावरचं असेल तर मी कुणाच्याही दारात पळत जाईन," ती म्हणाली. "आजवर आलेच आहे इथं. पण इंजेक्शनला आणि पट्टीला दवाखाना आहे, तो सकाळी आठला उघडतो. मी इथं ड्यूटीवर येत नाहीये. राहायला येतेय."

आता झालं, असं ज्योतीरामला वाटलं. तेवढ्यात यशोदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"उद्धवराव, ब्लॉक आमचा आहे आणि तो सिस्टरांना द्यायचं आमचं ठरलंय. तुमची हरकत असेल तर आम्ही कुठं जात नाही. मग टाकीच्या पाण्यावरून तुमचं-माझं जे चाललंय ते आणखी दहा वर्षं चालू दे."

आधी मंजुळाबाई हसल्या, मग मारुतराव, आणि मग उद्धवरावांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. त्या पाण्याच्या भांडणात ते एकदाही जिंकले नव्हते हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. तरी त्यांनी त्या दिवशी सही केली नाही. नियमानं कळवू म्हणाले. अकरा दिवसांनी कागद आला, सुवाच्य अक्षरात, खाली शिक्का ठळक मारलेला.

मे महिन्यात ओव्हाळ कुटुंब टेम्पोतून सामान घेऊन आलं. ज्योतीरामनं सर्वांत आधी भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, मग खाली बसून खिडक्यांकडे पाहू लागला. दुसऱ्याच दिवशी त्यानं एक झिजलेली बिजागरी काढून डब्यात घालून वर्कशॉपला नेली. जेवणाच्या सुटीत लेथवर पितळेच्या पिना आणि त्यांवर चढणारे छोट्या नळीसारखे बुश कातले, संध्याकाळी बसवले. झडप एका बोटानं फिरायला लागली. मग त्याला नादच लागला. कड्या, मुठी, नळाची चावी, जे झिजलं असेल ते तो डब्यातून नेई आणि नवं करून आणी. जुन्या माणसांनी काय माल वापरलाय, असं जेवताना बायकोला ऐकवायचा, जणू घर त्यानंच शोधून काढलं होतं. कस्तुरा मान डोलवायची.

मंजुळाबाईंनी एक दिवस ती खिडकी पाहिली आणि आपली बिजागरी हातात घेऊन दारात आल्या. दुसऱ्या दिवशी मारुतराव आले. श्रावणापर्यंत रविवारी सकाळी ओव्हाळांच्या दारात कड्या-कोयंड्यांची रांग लागू लागली. कस्तुरानं त्याला विचारलं की हे असं फुकट किती दिवस चालणार. तो म्हणाला, "तू दवाखान्याचं सांगितलंस ते बरोबर होतं. पण माझी ड्यूटी भोसरीत असते. इथं मी गंमत म्हणून करतो." त्यात खोटं काही नव्हतं. एवढ्या लोकांनी त्याच्या हातचं काम कौतुकानं पाहावं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. सगळ्यांत शेवटी उद्धवराव आले, तेही स्वतः नाही. त्यांनी पुतण्याच्या हाती कुलूप पाठवलं. ज्योतीरामनं ते दुरुस्त करून दिलं, पण न्यायला उद्धवरावांनीच यावं असा निरोप धाडला. ते आले, चहा घेतला, तसबिरीकडे एकदा पाहिलं, आणि बराच वेळ बसले. पुढच्या वर्षी चौदा एप्रिलला ते पहिल्या पंगतीत होते.

त्या घरातल्या पहिल्याच दिवाळीत कस्तुराची आई केसरबाई चाकणच्या पलीकडच्या खेड्यातून आठ दिवसांसाठी आली. आजन्म जमिनीवरच्या घरात राहिलेली बाई. आल्या आल्या तिनं विचारलं, "खाली दुसऱ्याची चूल आन् वर आपलं अंथरूण, हे बरं दिसतं व्हय गं?" दोन दिवस ती गच्चीवर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी खाली उतरताना तिला उद्धवरावांची आई भेटली. ती ऐंशीच्या घरातली, दोन्ही कानांनी ठार बहिरी. दोघी पायरीवर बसल्या. केसरबाईनं आपल्या म्हशीची हकीकत काढली, त्या आजीनं आपल्या माहेरच्या विहिरीची. एकीचं दुसरीला काही कळत नव्हतं आणि दोघींचं बोलणं एकाच वेळी चालू होतं. जेवायला हाका मारल्या तरी उठेनात.

आठ दिवस संपले तेव्हा कस्तुरानं एसटीचं विचारलं. केसरबाई पानाला चुना लावत म्हणाली, "जाईन की. एवढी काय घाई हाय. त्या म्हातारीची गोष्ट अर्ध्यात हाय, आन् माजी तर अजून सुरूच न्हाई झाली."

ती शिमग्यापर्यंत राहिली.