सुनेसमोर कसं सांगू

माझे दाजी लोटू म्हणजे एक नंबरचे हट्टी. लिंबायतच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी उभ्याने माग चालवले. पाळी बारा तासांची. मागावरून हललं आणि धागा तुटला तर शेठचे बोल खायचे, म्हणून कळ आली तरी पोट आवळून उभं राहायचं. त्याचा त्यांना केवढा अभिमान!

गेल्या वर्षी सोनोग्राफीत निघालं की पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे, कधीही फुटेल. डॉक्टरांनी पोट उघडून तिथे पॉलिस्टरची नळी बसवली. मी चिडवलं, “जन्मभर साड्या विणल्या, आता आतून अस्तर लावून घेतलं का?” दाजी हसले, टाके दुखले, आणि मला शिवी बसली.

डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. अशा ऑपरेशननंतर कधी कधी आतड्याला रक्त कमी पडतं. पोटात कळ आली, संडासला रक्त दिसलं, तर त्याच मिनिटाला सांगायचं.

सांगायचं, पण कुणादेखत? त्यांची बायको, म्हणजे माझी बहीण कलाबाई, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा चेतन मागावर. दवाखान्यात दिवसभर खाटेपाशी सून, वर्षा. आमच्यात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. अकरा वर्षं ती ‘आबांना चहा हवाय का’ हे भिंतीला विचारते आणि आबाही भिंतीलाच उत्तर देतात.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दाजींना डाव्या बाजूला कळ आली. भिंत धरत संडासला गेले. रक्त पडलं. त्यांनी दोन तांबे पाणी ओतलं आणि येऊन पडले. गुजराती नर्स आली, “काका, झाडो थयो?” म्हणजे संडास झाली का. वर्षा शेजारीच उभी. दाजींनी मान हलवली, नाही. दोन दिवस नाहीच म्हणत राहिले. लाज नको तिथे नडते ती अशी!

कळ आल्यापासून तिसऱ्या दिवशी ताप चढला, पोट दगडासारखं झालं. पुन्हा ऑपरेशन. डावीकडचं आतडं काळं पडलं होतं, ते कापून टाकलं. पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावली. “आता संडास पिशवीतच, कायमची,” डॉक्टर म्हणाले.

घर एका खोलीचं. दाजींचे हात कापतात, पिशवी त्यांना बदलता येईना. बदलणार कोण? वर्षाच. हातमोजे घालून ती बसायची, पदर दातात धरून. दाजी डोळे मिटून घ्यायचे. मग त्यांनी उपाय काढला, खायचंच नाही. पोटात काही गेलं नाही तर पिशवी भरणार कशी! पंधरा दिवसांत माणूस अर्धा झाला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हातचा जाईल.

मी भेस्तानहून गेलो तो भांडायच्या तयारीनेच. “तोंडाने सांगितलं असतं तर आतडं वाचलं असतं,” मी ओरडलो, “आता जीवही घालवा!” दाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताट तसंच.

वर्षा चुलीपासून उठली. समोर येऊन बसली आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलली.

“आबा, मी देखेल व्हतं. दवाखानामा तुमना पायजमाले रगत व्हतं. मीच धुयं. सासरानं असं नर्सले कसं सांगू, म्हनी मी बी चूप राहिनू.” ती रडायला लागली. “आते तुम्ही गयात, तर ते मना माथे. दोन घास खाई ल्या.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला दोघांची कीव आली.

दाजी हळूच कुशीवर वळले. “तू बी?” म्हणाले. मग ताट ओढलं आणि अर्धी भाकरी खाल्ली, एकेक घास रेटत.

दुपारी मी निघालो तेव्हा वर्षा दाराशी डाळ निवडत होती. आतून दाजींचा आवाज आला, घोगरा, चाचरत.

“पोरी... पिशवी भरनी.”