अडकणारी घंटी

नवी सायकल घ्यावी आणि गुमान तिच्यावर बसावं, एवढं साधं काही मला जमलं नाही. शनिवारची हाफ-डे कचेरी आटोपून औरंगाबादेतल्या पुंडलिकनगरातून फुलंब्रीला, गावाकडं निघालो, तेव्हा सायकलीला डायनामोचा दिवा, कॅरिअर, स्टँड, आरसा आणि सेलवर वाजणारा लाल हॉर्न होता. दिवा नि कॅरिअर कामाचे. आरशात मला फक्त माझंच कोपर दिसत होतं.

हॉर्नचं सांगायलाच हवं. गुलमंडीवरच्या दुकानात जुनी सायकल मी बदल्यात दिली. म्हाताऱ्या मिस्त्रींनी तिची घंटी वाजवून पाहिली. "साब, ये नवीपे बिठा देतूं. आवाज अच्छा है. बीच में अटकती, वो ठीक कर देतूं."

"नक्को. भंगारात टाका," मी ऐटीत म्हणालो.

मला नोकरी लागली तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, दहा घंट्या वाजवून ती निवडली होती. हे दुकानात आठवलं नाही, असं म्हणायची सोय नाही. आठवलं होतं.

हर्सूलचा तलाव मागं पडला. सावंगीपर्यंत वारा पाठीशी होता, चौक्याच्या घाटात मात्र दम निघाला. वर टपरीवर चहा-भजी घेतली. टपरीवाले मामा सायकलीभोवती फिरले.

"लई नटवली की! फुलंब्रीचे का?"

"व्हय. वडील वाट बघत्यात," म्हणत मी हॉर्न वाजवून दाखवला. मामांची शेळी दावं तोडून पळाली. ती धरून आणण्यात माझा अर्धा तास गेला. मामा अजिबात हसले नाहीत.

फुलंब्रीच्या फाट्यावर लिंबाच्या पारावर अण्णा बसले होते. दोन वर्षांपासून त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. तरी दर शनिवारी ते तिथं येत, आणि माझी घंटी मधेच अडकत वाजली की उठून हात पुढं करत. मी लांबूनच हौसेनं हॉर्न दाबला. अण्णा गडबडीनं उठले, काठी जवळ ओढून कडेला सरकले.

"जाय बाबा, जाय पुढं. माझं पोरगं यायचंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, मीच हाय."

"आरं! मंग घंटी?"

"दुरुस्तीला टाकलीय," मी बेधडक खोटं बोललो.

रविवारी आईनं दिलेली धपाटी (ज्वारीची तिखट थालिपीठं) कॅरिअरला बांधून परतलो आणि सोमवारी सकाळीच दुकान गाठलं.

"भंगारवाला ले गया, साब. आपइच बोले ना?" मिस्त्री म्हणाले. बिचाऱ्यांनी हॉर्न काढला आणि तसल्याच बनावटीची नवी घंटी बसवून दिली.

पुढच्या शनिवारी फाट्यावर ती वाजवली. न अडकता, खणखणीत. अण्णा उठले नाहीत. मान तिरकी करून ऐकत राहिले. मी पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. मग कुठं त्यांचा हात पुढं आला, तोही जरा भलत्याच दिशेला.

"चांगली दुरुस्त केली रं. आता अडकत नाय."

"व्हय, अण्णा."

"अडकायची तवा लवकर वळखू यायची."

रविवारी परतताना चौक्यापर्यंत मी ती घंटी मधेच अंगठ्यानं दाबून वाजवत राहिलो. तसं अडकणं काही केल्या जमलं नाही.